आजोबांचें पिस्तूल

छत्रपती संभाजीनगरच्या छावणींतून आमच्याकडे एक पत्र आलें आहे. पत्र लिहिणारे गृहस्थ तीन भावांपैकीं मधले. घर एकत्र, चूल एक, लहानथोर धरून माणसें तेरा. वडील गेल्या वर्षीं वारले. त्यांच्या मागें घर, थोडी शेती, पुस्तकांचीं दोन कपाटें आणि एक वाल्थर पीपीके जातीचें पिस्तूल राहिलें. घराची, शेतीची व पुस्तकांची व्यवस्था भावाभावांत एका बैठकींत लागली. पिस्तुलाची मात्र वर्ष लोटलें तरी लागत नाहीं. थोरले दादा म्हणतात, ही वडिलांची आठवण आहे, परवाना आपल्या नांवें करून घेऊन ती घरांतच ठेवावी. धाकटे म्हणतात, या पिस्तुलास गिऱ्हाईक कित्येक लाख रुपये द्यावयास तयार आहे. तें विकावें, लाखसव्वालाखांत सरकारी कारखान्याचें नवें पिस्तूल घ्यावें आणि उरलेल्या पैशांत गळकें छप्पर नीट करावें. या दोहोंपैकीं शहाणपणाचें कोणतें, असा मधल्या भावांचा आम्हांस प्रश्न आहे. पत्राच्या शेवटीं निराळ्या हस्ताक्षरांत, बहुधा त्यांच्या पत्नीच्या, एकच ओळ आहे: "कोणतेंहि ठेवा, पण किल्ली कोणाकडे राहणार तें आधीं ठरवा."

असले प्रश्न या सदरांत सहसा येत नाहींत. आमच्या वाचकांचे प्रश्न मुलांचें शिक्षण, मुलीचें लग्न, भावाभावांची वांटणी अशा प्रकारचे असतात. परंतु बारकाईनें पाहतां हाहि वांटणीचाच प्रश्न आहे. फरक इतकाच कीं, हा जिन्नस कोणा एकाच्या वांट्यास गेला तरी त्याचा भार सर्वांच्या वांट्यास येतो. म्हणून त्याचा विचार येथें सविस्तर करतों.

वृद्ध गृहस्थांनीं हें पिस्तूल कां घेतलें तें पत्रांत लिहिलें आहे, आणि तें समजून घेतल्यावांचून दादांच्या आग्रहाची टिंगल करणें अन्यायाचें होईल. १९४७-४८ सालीं ते बारातेरा वर्षांचे होते. मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता, आणि ते रझाकारांच्या धुमाकुळाचे दिवस होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्य हैदराबाद संस्थानांत शिरलें आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. तोंपर्यंत या घरांत रात्रीं दिवा लावावयाची चोरी होती, आणि संरक्षणाचें साधन म्हणाल तर एक काठी व एक कुऱ्हाड. त्या मुलाच्या मनांत जी भीति तेव्हां बसली, ती पुढें नोकरी लागून स्थिरस्थावर झाल्यावर, १९६६ सालीं, पिस्तुलाच्या रूपानें घरांत आली. त्यानंतर पन्नासांहून अधिक वर्षें तें पिस्तूल दर खंडेनवमीला कपाटांतून निघे, पाटावर बसे, हळदकुंकू व झेंडूचें फूल घेई आणि पुन्हां कपाटांत जाई. कोणावरहि तें रोखण्याचा प्रसंग आला नाहीं, याबद्दल देवाचे आभारच मानले पाहिजेत.

आतां प्रथम दादांची बाजू पाहूं. वाल्थर हा जर्मनींतील थुरिंगिया प्रांताचा जुना कारखाना. त्यानें १९२९ सालीं पोलिसांकरितां पीपी नांवाचें पिस्तूल काढलें आणि पुढें एकदोन वर्षांतच, साध्या वेषांतील पोलिसांना कपड्यांत लपवितां यावें म्हणून, त्याचीच आंखूड आवृत्ति पीपीके या नांवानें काढली. लांबी सुमारें साडेपंधरा सेंटिमीटर, वजन सहाशें ग्रॅमच्या आंतबाहेर, आणि ३२ बोअरचीं सात काडतुसें पोटांत. घोडा खालीं असतांना केवळ चाप ओढून पहिली गोळी सुटावी, ही त्यांतील योजना त्या काळीं नवलाची होती. पुढें कित्येक कारखान्यांनीं तिचें अनुकरण केलें. १९५८ च्या 'डॉक्टर नो' कादंबरींत इयान फ्लेमिंग यांनीं आपल्या गुप्तहेर नायकाच्या हातीं हेंच पिस्तूल दिलें, आणि पुढें चित्रपटांनीं त्याची कीर्ति घरोघर नेली. तेव्हां दादा त्यास उत्तम कारागिरीचा नमुना म्हणतात तें खोटें नाहीं.

परंतु 'कुलीन वस्तु' असा जो शब्द दादांनीं वापरल्याचें पत्रांत आहे, तो आम्हांस रुचत नाहीं. ३० एप्रिल १९४५ रोजीं बर्लिनच्या तळघरांत हिटलरनें जें पिस्तूल स्वतःवर चालविलें, तेंहि याच कारखान्याचें होतें. शस्त्रास स्वतःचें कुळ नसतें. ज्याच्या हातीं तें जाईल, त्याचें कुळ त्यास लागतें.

किंमतीविषयींहि एक गैरसमज दूर केला पाहिजे. या पिस्तुलास आज लाखांची बोली येते ती त्याच्या गुणाची नव्हे, दुर्मिळतेची आहे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकाच्या मध्यापासून खासगी माणसास परदेशी शस्त्र आणविण्याची सरकारनें बंदी केली; नामांकित नेमबाजांसारखे मोजके अपवाद तेवढे ठेवले. त्यापूर्वीं जीं देशांत आलीं तींच आतां हातोहात फिरतात. त्यांत ९ मिलिमीटर, ३८ बोअर वगैरे जाती सामान्य नागरिकास वर्ज्य असल्यामुळें सारी मागणी ३२ बोअरवर येऊन पडते. माल तोच, उलट दरवर्षीं एक वर्षानें म्हातारा, आणि भाव मात्र चढता, असा हा बाजार आहे.

आणि म्हातारपण लोखंडासहि चुकत नाहीं. पिस्तुलांत स्प्रिंगा असतात. त्या ढिल्या पडतात. आघातसुई झिजते. असला भाग बदलावयाचा तर मूळ कारखान्याचा माल दुकानांत मागवितां येत नाहीं. जुन्या भागांवर किंवा कोणा कारागिराच्या कानशीवर विसंबावें लागतें. त्यांतच आमच्या भक्तिभावाची भर! खंडेनवमीचें हळदकुंकू फटींतून आंत उतरतें, तेलांत कालवलें जातें आणि वर्षानुवर्षांनीं त्याचा लेप बसतो. पूजा अवश्य करावी, पण फूल शेजारीं ठेवावें, चूर्ण यंत्रावर घालूं नये, हें आमच्या वाचकभगिनींनीं ध्यानांत धरावें. काडतुसांचेंहि तेंच. चाळीस वर्षांपूर्वींचीं काडतुसें डब्यांत दिसावयास नवीं असतात. त्यांपैकीं एखादें चाप ओढल्यावर वाजत नाहीं, आणि एखादें क्षणभर थांबून, माणसानें पिस्तूल खालीं वळविल्यावर वाजतें. या घरांतील पिस्तूल १९८० नंतर एकदांहि उडविलेलें नाहीं असें पत्रांत आहे. म्हणजे तें चालतें कीं नाहीं हेंच कोणास माहीत नाहीं. ज्याची परीक्षा करावयास घरचेच धजत नाहींत, त्याच्यावर घराचें रक्षण सोंपविणें हें भाबडेपणाचें आहे.

धाकट्यांची बाजू आतां पाहूं. आपल्या देशांत ३२ बोअरचीं पिस्तुलें व रिव्हॉल्व्हरें सरकारी आयुध कारखान्यांत होतात. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याचें 'अशनि' हें पिस्तूल, कानपूरचें साधें रिव्हॉल्व्हर, आणि २०१४ सालीं खास स्त्रियांकरितां म्हणून कानपूरनेंच काढलेलें 'निर्भीक' नांवाचें सुमारें अर्धा किलो वजनाचें रिव्हॉल्व्हर, हीं त्यांतील ठळक नांवें. 'निर्भीक' निघालें तेव्हां त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरांत होती, व त्या किंमतीवरून टीकाहि झाली. हे कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून सरकारी कंपन्यांच्या रूपानें चालतात. या शस्त्रांना जर्मन कारागिराचा हात लागलेला नसेल. परंतु भाग मिळतो, दुरुस्ती होते, आणि नवीं काडतुसें देशांतच बनतात. या घरास पुढचीं वीस वर्षें तें वापरावयाचें असेल, तर ज्याचा सराव बिनघोर करतां येतो तेंच पिस्तूल उपयोगाचें. ज्यास आपण फक्त पुसतों व जपतों, तें शोभेचें होय.

येथें खरेदीदारास एक सूचना. पिस्तूल व रिव्हॉल्व्हर दोन्ही '३२ बोअर' म्हणवितात, पण दोहोंचीं काडतुसें निराळीं असतात. रिव्हॉल्व्हरचें लांब, पिस्तुलाचें आंखूड. एकाचें दुसऱ्यास चालत नाहीं. वडिलांचीं काडतुसें उरलीं आहेत म्हणून धाकटे रिव्हॉल्व्हर घेणार असतील, तर त्यांची निराशा होईल. शिवाय काडतुसें किती बाळगावयाचीं याची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते.

तेव्हां नुसत्या वस्तूवस्तूंची तुलना करावयाची तर आमचें मत धाकट्यांकडे पडतें. जुनें महाग पिस्तूल व नवें स्वस्त पिस्तूल यांत नवेंच घ्यावें. परंतु येथेंच थांबलों तर पत्राच्या शेवटच्या ओळीस उत्तर दिल्यासारखें होत नाहीं, आणि आमच्या मतें सबंध पत्रांत महत्त्वाची ओळ तीच आहे.

कायदा एकट्या माणसास ओळखतो. १९५९ चा शस्त्र कायदा परवाना देतो तो व्यक्तीस, कुटुंबास नव्हे. आणि एकवीस वर्षांखालील व्यक्तीस तर नाहींच. २०१६ च्या नियमांप्रमाणें परवाना मागणाऱ्यानें शस्त्र हाताळण्याचें शिक्षण घेतलें पाहिजे आणि तें कुलूपबंद ठेवण्याची सोय दाखविली पाहिजे. परवानाधारक वारल्यास, किंवा तो सत्तर वर्षांचा झाल्यास अथवा शस्त्र त्याजपाशीं पंचवीस वर्षें असल्यास, तें वारसाच्या नांवें करून देण्याची तरतूद त्याच नियमांत आहे. वृद्ध गृहस्थांनीं हयातींतच हें केलें असतें तर आजची ओढाताण टळती. ज्या घरांत अशीं शस्त्रें व वृद्ध परवानाधारक असतील त्यांनीं एवढा बोध तरी घ्यावा. २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस दोहोंहून अधिक शस्त्रें बाळगतां येत नाहींत, आणि लग्नवरातींत हवेंत गोळी झाडणें हा शिक्षेस पात्र गुन्हा झाला आहे. धनी वारल्यावर शस्त्र पोलिस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा केलें पाहिजे. या भावांनीं तें केलें आहे, हें फार उत्तम झालें.

पण आमचें घर हें एकट्याचें नसतें. परवाना दादांच्या नांवें. कपाट आईच्या खोलींत. किल्ली देवघराच्या कोनाड्यांत. आणि ती कोठें आहे हें सहा वर्षांच्या नातवापासून सर्वांस ठाऊक! एकत्र कुटुंबांत कोणतीहि किल्ली गुप्त राहात नाहीं, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. लाडवांच्या डब्याच्या बाबतींत तो गोड वाटतो. येथें वाटणार नाहीं. छावणींत राहणाऱ्यांस तर हें शिकविण्याचें कारण नसावें. शेजारचा शिपाई, ज्याचा धंदाच शस्त्राचा, तो रायफल घरीं नेऊन पलंगाखालीं ठेवीत नाहीं. काम संपलें कीं ती शस्त्रकोठींत जाते, जिला लष्करांत कोत म्हणतात. तेथें तिचा क्रमांक पाहून नोंद होते आणि मोजदाद पुरी झाल्याखेरीज कोणी झोपत नाहीं. जें सरकार आपल्या शिकविलेल्या शिपायावर सोंपवीत नाहीं, तें आपण देवघराच्या कोनाड्यावर सोंपवितों.

मुलांच्या बाबतींत एक गोष्ट अशी आहे कीं, ती घरांतील प्रत्येक वडील माणसास ठाऊक असावी. पिस्तुलाचें मॅगझिन काढून घेतलें म्हणजे तें रिकामें झालें, असें नव्हे. एक काडतूस नळींत बसलेलें असूं शकतें, आणि पीपीकेसारखीं बहुतेक पिस्तुलें मॅगझिन नसतांनाहि तें उडवितात. "रिकामें आहे" असें म्हणून हातीं दिलेल्या शस्त्रानेंच बरेच अपघात होतात. म्हणून भरलेलें असो वा रिकामें, नळी माणसाकडे कधींहि वळवूं नये, आणि चापांत बोट घालूं नये.

दुसरी गोष्ट बोलण्यास अवघड, परंतु न बोलणें त्याहून वाईट. घरांत शस्त्र आणतांना आपण चोराचा विचार करतों. पण चोर क्वचित् येतो. राग, निराशा, परीक्षेंतील अपयश, भावाभावांचें भांडण हीं घरांत अधूनमधून येतच असतात. त्या घटकेस हाताशीं काय आहे यावर पुष्कळ अवलंबून असतें. संतापाची किंवा दुःखाची लाट बहुधा ओसरते; माणूस दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाला येऊन बसतो. पिस्तूल मात्र दुसरी सकाळ येऊं देत नाहीं. ज्या घरांत कोणी दीर्घ आजारानें, कर्जानें किंवा मनाच्या खिन्नतेनें ग्रासलेलें असेल, त्या घरानें महाग कीं स्वस्त हा प्रश्नच काढूं नये.

मग आत्मरक्षणाचें काय, असें दादा विचारतील. आत्मरक्षणाचा हक्क आपल्या कायद्यानें मान्य केला आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेनेंहि तो ठेवला आहे, मात्र गरजेपेक्षां अधिक इजा करण्याची मुभा दिलेली नाहीं. परंतु हक्क निराळा आणि सोय निराळी. कुलुपांत ठेवलेलें पिस्तूल चोर आल्यावेळीं हातीं येत नाहीं. उशीखालीं ठेवलेलें पिस्तूल नातवाच्या हातीं येतें. या पेंचांतून सुटण्याचा मार्ग जर्मन कारखान्यासहि सांपडला नाहीं आणि आपल्या कारखान्यासहि नाहीं. चोराकरितां मजबूत दार, आंगणांत दिवा, शेजाऱ्याशीं सलोखा आणि जवळचा दूरध्वनि यांचा उपयोग रोज होतो, आणि यांपैकीं कशालाहि परवाना लागत नाहीं.

आमच्या घरांच्या आठवणींत दोन पिस्तुलें कायमचीं राहिलीं आहेत. एक १९०९ चें. याच औरंगाबादेंत शिकलेला अनंत कान्हेरे नांवाचा मुलगा, वय अवघें अठरा. लंडनहून गुप्तपणें आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकीं एक त्याच्या हातीं पडलें, आणि २१ डिसेंबर रोजीं नाशिकच्या विजयानंद नाटकगृहांत त्यानें कलेक्टर जॅक्सन यांस मारलें. १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत तो, कर्वे व देशपांडे हे तिघे फांशीं गेले. दुसरें १९४८ चें. ३० जानेवारी रोजीं दिल्लींत एका इटालियन बेरेटा पिस्तुलानें महात्मा गांधींचा खून झाला. मारेकरी आमच्याच समाजांतला. त्या अधम कृत्यानंतर पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ज्यांचा त्याशीं कांहींएक संबंध नव्हता अशा कित्येकांचीं घरें जळालीं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचीं माणसें गांव सोडून गेलीं. एका कृत्यापुढें आपल्याकडील कित्येकांची मान आदरानें लवते, दुसऱ्यानें ती लाजेनें खालीं जाते. दोहोंत महदंतर आहे. परंतु दोन्ही ठिकाणीं एक गोष्ट सारखी: चाप एकानें ओढला, आणि किंमत घरांनीं दिली. आयांनीं दिली, भावांनीं दिली, न जन्मलेल्या मुलांनीं दिली. दुकानांतील किंमत ही पिस्तुलाची पहिली व सर्वांत लहान किंमत असते.

आतां आमचा सल्ला थोडक्यांत. दादांनीं पुढील प्रश्नांचीं उत्तरें लेखी द्यावीं आणि तीं घरांतील सर्व प्रौढ माणसांपुढें, सुनांसुद्धां, वाचावीं. रीतसर शिक्षण घेऊन वर्षांतून दोनचार वेळां अधिकृत नेमबाजी केंद्रावर सराव करणार काय? भिंतींत बसविलेली लोखंडी तिजोरी करणार काय? काडतुसें वेगळ्या कुलुपांत ठेवणार काय? परवान्याचें नूतनीकरण व निवडणुकीच्या वेळीं मागणी झाल्यास शस्त्र जमा करणें हें न कंटाळतां करणार काय? आणि शेवटचा प्रश्न सूनबाईंचा: किल्ली सदैव आपल्या अंगावर वागवून, ती आईसहि न देण्याचा निश्चय पाळणार काय? पांचांहि प्रश्नांस निःसंदिग्ध होकार असेल, तर जुनें विकून स्वस्त, नवें, देशी पिस्तूल घ्यावें. एकाचेंहि उत्तर "पाहूं" असें असेल, तर जुनें विकावें आणि नवें घेऊं नये. विक्री मात्र परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांस, म्हणजे या शहरांत पोलिस आयुक्तांच्या कचेरीस, कळवून परवानाधारकामार्फतच व्हावी; चढ्या भावाच्या लोभानें कागदाशिवाय कोणाच्या हातीं देऊं नये.

वडिलांची आठवण जाईल, या दादांच्या दुःखास आम्ही हलकें समजत नाहीं. पण त्या बारा वर्षांच्या मुलास त्या रात्रीं खरोखर काय हवें होतें? दिवा लावून निर्धास्त निजतां येईल असें घर त्यास हवें होतें. पिस्तूल हें त्या इच्छेचें त्यास सुचलेलें एक साधन होतें. न गळणाऱ्या छपराखालीं, आंगणांत दिवा ठेवून तेरा माणसें निर्धास्त निजलीं, तर वडिलांचीच इच्छा पुरी होईल. येत्या खंडेनवमीला पाटावर तीं काठी-कुऱ्हाड मांडावीं, वडिलांचीं पुस्तकें मांडावीं आणि हळदकुंकू मोकळ्या हातानें वाहावें.